हळद, चवर आणि गुणसूत्रांची फुगडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा हळकुंड येतं, गड्डा येतो, कणी येते. हळदीचं बी कधी येत नाही. कुपवाडपासून वाळव्यापर्यंत कुठल्याही हळदवाल्याला विचारा, तो काढणीनंतर चांगले जेठे गड्डे निवडून बाजूला काढतो, सावलीत ढीग घालून पाल्यानं झाकतो आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुन्हा जमिनीत लावतो. हेक्टरी पंचवीस क्विंटलच्या आसपास बेणं लागतं. ज्वारीला त्याच हेक्टराला दहा किलो बियाणं पुरतं. म्हणजे हळदवाला दरवर्षी आपल्या पिकातला मोठा हिस्सा परत मातीत पुरतो, आणि त्याचा खर्च, वाहतूक, राखण, त्यातून येणारी कंदकुज, सगळं सोसतो.

बरं, हळदीला फूल येत नाही असंही नाही. पावसाळा सरताना पानांच्या मधून दांडा वर येतो, त्यावर पांढरट-हिरव्या पाकळ्यांसारख्या पानांची एकावर एक रचना असते आणि त्या प्रत्येक पानाच्या खोबणीतून पिवळसर फुलं डोकावतात. फुलात परागकोश असतो, खाली अंडाशय असतो, मधमाश्या येऊन जातात. पण बी भरत नाही. दांडा वाळतो, गळतो, संपलं. फुलात सगळं काही असताना बी का धरत नाही, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही, कारण त्याचं बीवाचून अडत नाही. प्रश्न पडायला सातारा जिल्ह्यात डोंगरावर जावं लागतं.

डोंगरावरचं चुलत भावंड

कासचं पठार, महाबळेश्वर, पाचगणी या उंच, भरपूर पावसाच्या भागात जुलै-ऑगस्टात चवर फुलतो. कमरेएवढा वाढतो, पानं थेट हळदीच्या वळणाची आणि शेंड्याला हिरवट-पांढऱ्या पानांचा तुरा. हळद पाहिलेल्या माणसाला चवराचं नातं सांगावं लागत नाही. जमिनीखाली गड्डे असतात. त्यांत पिठूळ सत्त्व भरपूर असतं, आणि इंग्रजी अमदानीत महाबळेश्वराला त्यापासून आरारूट काढत असत. जगात हा चवर फक्त आपल्या सह्याद्रीच्या या पट्ट्यात उगवतो. उगवायची जागा एवढी थोडी, आणि त्याच जागेवर हॉटेलं, रस्ते, पर्यटक आणि पवनचक्क्या. त्यामुळे संकटातल्या वनस्पतींची चर्चा निघाली की चवराचं नाव येतं.

शास्त्रात त्याची पहिली नोंद केली ती टपाल खात्यातल्या माणसानं. जॉन ग्रॅहम हा मुंबईत डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची त्यानं केलेली सूची १८३९ साली छापली जात असतानाच तो खंडाळ्याला वारला. त्या सूचीत त्यानं चवराला हळदीच्याच प्रजातीत, म्हणजे कर्क्युमात, बसवलं होतं आणि ‘कर्क्युमा कॉलिना’ असं नाव दिलं होतं. पुढे बेकर या इंग्रज शास्त्रज्ञानं तो तिथून उचलून ‘हिचेनिया’ या वेगळ्या प्रजातीत टाकला. शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या पुस्तकांत चवर हिचेनिया म्हणूनच राहिला. आता तो पुन्हा कर्क्युमात आलाय. टपालवाल्याचं बरोबर होतं. ही घरवापसी होण्यात त्याच्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या मोजणीचाही वाटा आहे, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच मोजणीत आहे.

भारतातल्या हळदीच्या जातींची गुणसूत्रं मोजण्याचं एक मोठं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. याना लिओंग-श्कोर्निच्कोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. त्यात केरळचे एम. साबू हे आल्याच्या कुळाचे जाणकारही होते. त्यांनी १६१ नमुने तपासले. शेतातल्या हळदीच्या प्रत्येक पेशीत ६३ गुणसूत्रं भरली. चवराच्या पेशीत ४२.

या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट आहे.

गुणसूत्रं मोजतात कशी

गुणसूत्र म्हणजे पेशीच्या केंद्रकात असलेला धागा. झाडानं कसं वाढायचं, पान कसं करायचं, गड्ड्यात पिवळा रंग कसा भरायचा, या सगळ्या सूचना त्या धाग्यांवर असतात. एरवी हे धागे इतके बारीक आणि विस्कटलेले असतात की दिसत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात असली की ते आखडतात, जाड होतात, आणि तेवढा वेळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

म्हणून मोजणाऱ्याला वाढती जागा लागते. सगळ्यात सोयीची म्हणजे मुळाचं टोक. सकाळी कोवळं, पांढरं, तीन-चार मिलिमीटरचं टोक खुडायचं आणि कोल्चिसिनसारख्या द्रावणात काही तास ठेवायचं. त्यानं पेशीचं दुभंगणं ऐन मोक्यावर थांबतं. हे कोल्चिसिन आपल्या डोंगरातल्या कळलावीच्या गड्ड्यात आणि बियांतही असतं, हे जाता जाता. मग टोक मद्यार्क आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकून पेशी आहे तशी गोठवायची, सौम्य आम्लात मऊ करायची, लाल रंग द्यायचा, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच धरायची आणि अंगठ्यानं दाबायचं. हा अंगठ्याचा दाब शिकायला काही महिने जातात. कमी पडला तर धागे एकावर एक राहतात, जास्त झाला तर पेशी फुटून शेजारणीची गुणसूत्रं हिच्यात मिसळतात. हळदीच्या कुळाची गुणसूत्रं तर फारच इवली. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांत हळदीला कुणी ६२ म्हटलंय, कुणी ६४. एखाद्या ठिपक्यावर ठिपका बसला की आकडा चुकतो.

फुगडी

आता फुलाच्या कळीत काय होतं ते बघू. परागकोशात काही खास पेशी असतात. त्यांतल्या एकेकीपासून चार परागकण होतात. परागकणात झाडाच्या निम्मी गुणसूत्रं जायला हवीत, कारण उरलेली निम्मी बीजांडाकडून येणार आणि दोन्ही मिळून पुन्हा पूर्ण आकडा होणार. ही निम्मं करणारी वाटणी म्हणजे अर्धसूत्री विभाजन. निम्मं करायचं म्हणजे गठ्ठ्यातून डोळे झाकून अर्धी काढायची असं चालत नाही. प्रत्येक प्रकारचं एक गुणसूत्र इकडे आणि एक तिकडे गेलं पाहिजे. चवरात २१ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची दोन-दोन गुणसूत्रं. एकाही प्रकारात घोळ झालेला चालत नाही.

पेशीला ना डोळे, ना यादी. तरी तिला हे साधतं, कारण त्याआधी ती सारख्या गुणसूत्रांना जोडीजोडीनं फुगडी घालायला लावते.

गौरीच्या रात्री फुगडी घालताना दोघी काय करतात? एकमेकींचे हात घट्ट धरतात, पाय जवळ घेतात आणि मागं रेलतात. तोल सगळा त्या ताणावर. एकीनं ओढलं नाही तर दुसरी पडते. पेशीतही नेमकं तेच होतं. सारखी दोन गुणसूत्रं एकमेकांना शोधतात, लांबीभर चिकटतात, दोन-चार जागी एकमेकांचे तुकडे अदलाबदल करतात, आणि त्या अदलाबदलीच्या जागा म्हणजेच धरलेले हात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक दोर येतात. एक दोर एकीच्या कमरेला, दुसरा दुसरीच्या. दोन्हीकडून ओढ लागली, हातांवर ताण आला, की पेशीला कळतं की ही जोडी बरोबर लागली. ताण आला नाही तर दोर सुटतो आणि पुन्हा लागतो. सगळ्या जोड्या अशा ताणल्या गेल्या की मग एकदम हात सुटतात, एक इकडे जाते, एक तिकडे. वाटणी चोख होते, कारण जोडी आधी जुळलेली होती. चवरात २१ फुगड्या, सुटल्यावर २१ इकडे, २१ तिकडे.

या भागाबद्दल शाळेच्या पुस्तकात पाच अवस्थांची पाच अवघड नावं पाठ करून घेतात आणि ताणाचा उल्लेखही करत नाहीत. माझ्या मते नावं विसरली तरी चालतील.

तीन जणी आल्या तर

हळदीत मात्र प्रत्येक प्रकारच्या गुणसूत्रांची संख्या दोन नाही, तीन आहे. एकवीस त्रिक ६३. अशा झाडाला त्रिगुणित म्हणतात.

तिघी एकदम आल्या की फुगडीचं काय होतं ते कुणालाही माहीत आहे. कधी दोघी हात धरतात आणि तिसरी कडेला उभी राहते. कधी तिघी एकमेकींत अडकतात, एक हात हिला, एक तिला. कधी कुणाचंच जुळत नाही. हळदीच्या कळीतल्या पेशी रंगवून पाहिल्या तर हे तिन्ही प्रकार एकाच पेशीत शेजारी-शेजारी दिसतात. काही जोड्या, काही तिकडी, काही एकट्या. सुटायची वेळ आली की जोडीतल्या दोघी दोन बाजूंना जातात, तिसरी जिकडे दोर लागेल तिकडे. कधी ती मध्येच अडकून पडते आणि कुठल्याच परागकणात जात नाही. मग चार परागकणांच्या शेजारी एखादा इवलासा पाचवा गोळा दिसतो.

आता हिशेब करा. प्रत्येक तिकडीतून एका बाजूला एक जाणार आणि दुसऱ्या बाजूला दोन. कुठल्या बाजूला किती, हे नाणं उडवल्यासारखं. परागकण चोख व्हायचा तर एकवीसच्या एकवीस तिकड्यांतून त्याला एकेक तरी मिळायला हवं किंवा सगळ्यांतून दोन-दोन तरी. एकवीस वेळा नाणं उडवून प्रत्येक वेळी एकच बाजू पडायची शक्यता आहे १० लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक. आणि हे फक्त परागकणाचं झालं. बीजांडातही तीच वाटणी, तोच घोळ. दोन्ही चोख निघून एकत्र यायची शक्यता जवळजवळ एक लाख दहा हजार कोटींत एक.

उरलेल्या परागकणांत काही प्रकारची गुणसूत्रं एक, काहींची दोन, असा सगळा गोंधळ असतो. सूचना कुठे कमी, कुठे जास्त. बहुतेक परागकण आतून भरतच नाहीत, चिपाडासारखे वाळून जातात.

कागदावरचा हा हिशेब थोडा कडक आहे. प्रत्यक्षात झाडं थोडाफार घोळ सोसतात, आणि हळदीला कधीमधी बी धरतंसुद्धा. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेनं अशा दुर्मीळ बियांपासून रोपं वाढवली. त्यांतूनच ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ या जाती निवडल्या गेल्या. अशा बियांपासून आलेल्या रोपांची गुणसूत्रं मोजली तर ती ६३ च असतील असा भरवसा नसतो. वाटणी विस्कटली होती याची ती जिवंत साक्ष.

जाता जाता एक गंमत. खेचराच्या पेशीतही ६३ च गुणसूत्रं असतात. घोड्याची ६४, गाढवाची ६२, दोघांकडून निम्मी-निम्मी येऊन ६३. खेचरही वांझ. पण हळदीचं आणि खेचराचं कारण वेगळं आहे. खेचरात दोन वेगळ्या प्राण्यांची गुणसूत्रं एकमेकांना नीट ओळखत नाहीत. हळदीत सारखी गुणसूत्रं आहेत, पण एक जास्तीची. आकडा सारखा निघाला हा निव्वळ योगायोग.

मग ६३ आले कुठून

हळद रानात, माणसाच्या मदतीशिवाय उगवलेली, खात्रीनं कुणाला सापडलेली नाही. ती माणसाबरोबरच राहिलेली वनस्पती आहे. तिची उत्पत्ती कशी झाली असावी याचा अंदाज आकड्यांवरूनच करतात. ४२ वाल्या झाडाचा परागकण २१ देतो. एखाद्या झाडात कधी पेशी दुभंगायची चुकते आणि गुणसूत्रं दुप्पट, म्हणजे ८४ होतात. असं झाड ४२ देतं. एकवीस आणि बेचाळीस मिळून त्रेसष्ट. असा संकर रानात झाला तर त्याला बी धरणार नाही, आणि मूळ झाड मेलं की त्याची जातच संपली असती. पण या संकराचा गड्डा कुणी तरी उकरला, तो जास्त पिवळा किंवा जास्त पोसलेला दिसला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यानं तो पुन्हा लावला. तेव्हापासून हळदीला बीची गरज उरली नाही. तिची पुढची पिढी माणसाच्या हातानं पेरली जाते.

केशराचंही असंच आहे. तेही त्रिगुणित, त्यालाही बी नाही, काश्मिरात कंदच लावतात. आपण खातो ती केळीही बहुतेक त्रिगुणित. केळीच्या गरातले काळे ठिपके म्हणजे न भरलेल्या बिया.

इथे सांगलीकर वाचक लगेच विचारेल, मग तासगावची बिनबियांची द्राक्षं? ती या यादीत बसत नाहीत. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून तासगाव भागात निघालेली तास-ए-गणेश यांच्यात गुणसूत्रांच्या जोड्या व्यवस्थित जुळतात, परागकण चांगले असतात, फलनही होतं. फक्त नंतर बी वाढायचं थांबतं आणि मण्यात तिची कोवळी खूण तेवढी राहते. बी नसलेला मणी फुगत नाही, म्हणून जिब्रेलिक आम्लात घड बुडवावे लागतात. कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडलेला बेदाणा आणि गोदामातलं हळकुंड, दोन्ही बिनबियांचे, पण एकाचं बी सुरू होऊन थांबलं आणि दुसऱ्याचं सुरूच झालं नाही.

बेचाळीस म्हणजे सहा पट, तरी जोडीच

चौकस वाचक आणखी एक शंका काढील. हळदीच्या प्रजातीत मूळ संच सात गुणसूत्रांचा आहे असं अभ्यासक मानतात. म्हणजे ६३ म्हणजे नऊ संच, आणि चवराचे ४२ म्हणजे सहा संच. तीन जणी आल्या तर गोंधळ होतो, मग सहा जणी आल्यावर का होत नाही?

याचं उत्तर गव्हानं दिलंय. आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, सातांचे सहा संच, अगदी चवरासारखी. हे सहा संच तीन वेगवेगळ्या गवतांकडून दोन-दोन असे आलेले आहेत. एकाच गवताकडचे दोन संच जोडी जुळवतात आणि शेजारच्या सारख्या दिसणाऱ्यांकडे बघत नाहीत. हे बघणं टाळायला लावणारं एक जनुक गव्हात आहे. ते १९५८ साली सापडलं. ते जनुक काढलं की गव्हातही तिकडी, चौकडी सुरू होतात. कृष्णाकाठी पिकणारा खपली गहू घ्या. त्यात २८ गुणसूत्रं, सातांचे चार संच. खपली आणि साधा गहू यांचा संकर केला तर ३५ येतात, त्यांत चौदा जोड्या जुळतात आणि सात गुणसूत्रं एकटी राहतात. त्या संकराला दाणा फार कमी भरतो. सम आणि विषम संख्येचा फरक शेतात असा दिसतो.

रानहळदीतही ४२ च आहेत. आंबेहळदीतही ४२. गुणसूत्रांच्या संख्येवरून चवर हळदीच्याच घरातला हे २००७ च्या मोजणीतही स्पष्ट दिसलं होतं, आणि पुढे डीएनएच्या तुलनेनं त्याला दुजोरा मिळाला. त्याच मोजणीत आणखी काही जातींत ७७ आणि १०५ असेही आकडे निघाले, म्हणजे या प्रजातीत संचांची भर पडण्याचा खेळ फार वेळा झालेला आहे.

पण सम आकडा म्हणजे बी धरण्याची हमी नव्हे. आंबेहळद ४२ ची असूनही आपण तिचं बी पेरत नाही, गड्डेच लावतो. पेशीत संख्या सम असेल, तरी एखाद्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला असेल तर हात धरताना गाठ पडते. कळी तयार होताना थंडी किंवा उष्णता वेळेबाहेर वाढली तरी जोड्या सुटतात. म्हणून कुठल्याही संकटातल्या झाडाचं मुळाचं टोक मोजून थांबत नाहीत, त्याच्या परागकणांकडे बघतात.

---
चौकट : परागकण चांगला की पोकळ

उमलायच्या आदल्या दिवशीची कळी घेतात. परागकोश सुईनं उघडून काचपट्टीवर झटकतात, अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब टाकतात, पाच-दहा मिनिटं थांबतात. आत पेशीद्रव असलेला परागकण गोल आणि लालभडक दिसतो. पोकळ असेल तर फिकट, सुरकुतलेला, लहान. चारशे-पाचशे कण मोजून लालांचं शेकडा प्रमाण काढतात. हळदीत फिकट कणांचीच गर्दी दिसते.

लाल दिसला म्हणजे तो जिवंतच असं मात्र नाही. रंग फक्त आत माल आहे एवढं सांगतो. जिवंत आहे का हे बघायला साखरेच्या पाण्यात तो ठेवून त्याला नळी फुटते का ते पाहावं लागतं. आल्याच्या कुळात परागकणाची बाहेरची भिंत फारच पातळ असते, त्यामुळे तो फार काळ टिकत नाही. फूल उमललं की लवकर तपासावं लागतं.
---

पठारावरची अडचण

शेतातल्या हळदीला बी नसणं हा शेतकऱ्याच्या दृष्टीनं गुणच आहे. सेलम लावली की सेलमच येते, राजापुरी लावली की राजापुरी. बी असतं तर प्रत्येक रोप वेगळं निघालं असतं आणि सौद्यात एका ढिगात बारा रंगांची हळद पडली असती. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचा एकसारखेपणा काही अंशी या वांझपणातूनच आलेला आहे. त्याची किंमत कंदकुजीच्या वर्षी मोजावी लागते. सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल असल्यामुळे एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. त्यावर औषध आहे, बेणेप्रक्रिया आहे, कसबे डिग्रजला हळद संशोधन योजना आहे. हळदीच्या पाठीशी माणूस उभा आहे.

चवराच्या पाठीशी कुणी नाही. त्याचा गड्डा वर्षाला काही बोटं सरकतो, त्याच्या भोवती नवे कोंब येतात, आणि पाच-दहा वर्षांत चांगला ताटवा होतो. असा शंभर कोंबांचा ताटवा बघून मोजणारा शंभर झाडं लिहितो. जमिनीखाली बघितलं तर ते एकच झाड असू शकतं. संकटातल्या वनस्पतींची गणना करताना ही फसगत नेहमी होते. एखाद्या पठारावर दोन हजार कोंब असतील आणि खरी वेगळी झाडं वीसच असतील, तर परागकण एका कोंबावरून दुसऱ्यावर गेला तरी तो स्वतःकडेच परत आला असं होतं. अशा बियांतून येणाऱ्या रोपांत कमजोरी वाढत जाते. त्यातून मधला ताटवा रस्त्याखाली गेला की उरलेले दोन ताटवे एकमेकांपासून इतके लांब पडतात की परागकण कितीही लालभडक असला तरी तो नेणारी माशी तिथवर जात नाही.

या कुळातल्या काही जातींत फुलाची रचनाही नेमक्या माशीसाठीच केलेली असते. पुंकेसर एकच. त्याच्या खाली दोन टोकं पुढे आलेली. माशीनं मधासाठी डोकं आत घातलं की ती टोकं ढकलली जातात आणि परागकोश वाकून तिच्या पाठीला टेकतो. माशी लहान असली तर टोकं हलत नाहीत, मोठी असली तर ती आत शिरत नाही. पठारावर कोण येतं, किती येतं, पावसाच्या दोन सरींमध्ये तिला किती वेळ मिळतो, यावर बी ठरतं. कासच्याच वायतुऱ्याची अडचण आणखी पुढची. त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, म्हणजे एका तळ्याकाठी फक्त माद्या उरल्या तर फुलं भरपूर आणि बी शून्य.

बी धरण्याला आणखी एक महत्त्व आहे. आल्याच्या कुळात अनेकांच्या बियांना पांढरी मांसल झालर असते. मुंग्या ती खाण्यासाठी बी ओढून नेतात. गड्डा जितकं अंतर दहा वर्षांत कापतो त्याहून जास्त अंतर मुंगी एका दुपारी बी नेते. रस्ता झाला, कातळ उकरला, पाण्याची वाट बदलली, तर गड्ड्याला जागा सोडता येत नाही. बीला येते.

म्हणून कोणी चवर वाचवायचं म्हणून बागेत चार कुंड्या ठेवल्या आणि त्या एकाच गड्ड्याचे तुकडे असतील, तर त्या चार कुंड्या म्हणजे एक झाड. वेगवेगळ्या पठारांवरच्या वेगवेगळ्या ताटव्यांतलं थोडं-थोडं बी गोळा केलं तर गोष्ट वेगळी. आणि बी गोळा करण्याआधी त्या-त्या ताटव्याचे परागकण तपासले तर कुठल्या ताटव्यात जोड्या नीट जुळतायत आणि कुठल्यात नाही हे आधीच कळतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम चालत आलंय. पण ही तपासणी करायला विद्यापीठच लागतं असं नाही. सातारा-सांगलीच्या कुठल्याही कॉलेजात सूक्ष्मदर्शक आणि अ‍ॅसिटोकार्माइनची बाटली असते. चवराच्या एका तुऱ्यात रोज थोडी-थोडी फुलं उमलत जातात, आणि तपासणीला एका फुलाचा परागकोश पुरतो. तेवढं फूल घ्यायलाही वनखात्याची परवानगी मात्र आधी काढावी लागते, आणि अर्ज मे महिन्यात दिलेला बरा, कारण जुलैत पठार फुलायला लागल्यावर फाईल हलेपर्यंत तुरे वाळून गेलेले असतात.